आर्किटेक्चरला असताना माती, लेव्हल, ड्रेनेज कशाला शिकायचं?

तू विचारतोयस, ‘मी दुसऱ्या वर्षाला आहे. सॉईल, सर्व्हेइंग, प्लंबिंग हे सिव्हिलवाल्यांचं काम. मी फक्त डिझाइनवर लक्ष दिलं तर चालेल ना?’ नाही चालणार.

२०२३ साली मीही दुसऱ्याच वर्षाला होतो. आमचं घर नागपुरात, नागनदीपासून जवळ. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि आमच्या जोत्याच्या वर गेला. बाबांनी विचारलं, ‘तू शिकतोस ना, काय करायचं?’ मी सांगितलं, उंबरठ्यावर विटांचे दोन थर चढवा. त्यांनी लगेच चढवले.

२३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदी वस्त्यांत शिरली. आमच्या दारातून थेंबही आला नाही. पाणी आलं बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या वाटेतून. काळं, बुडबुडत, जाळी उचलून. आणि मी सुचवलेल्या उंबरठ्याने ते घरातच अडवून धरलं. आईच्या शिलाई मशीनची मोटर गेली.

दोन दिवसांनी प्लंबर आला. पारदर्शक नळीत पाणी भरून तिचं एक टोक त्याने रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणाशी धरलं, दुसरं ट्रॅपशी. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला राहतं, त्यावरून कुठली जागा किती वर ते कळतं. ‘भाऊ, झाकण तुमच्या ट्रॅपच्या नऊ इंच वर हाय. लाइन भरली का पानी तुमच्याच घरी येईन.’ मागची फरशी उकरली तर पाइपाचा जोडही उघडलेला. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिनेच तो ओढला होता. रस्ता, माती, नदी, ट्रॅप हे सगळं एकच प्रकरण आहे, हे मला त्या नळीने शिकवलं.

पुढच्या सेमिस्टरला समाजभवनाच्या शीटवर मी आधी लेव्हल आणि ड्रेनेज लाइन काढल्या. ज्युरीत, म्हणजे डिझाइन तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, एक सर म्हणाले, ‘पाइप नंतर बघू, कॉन्सेप्ट दाखव.’ मार्क कापले. सर, त्या लेव्हल हाच कॉन्सेप्ट होता. आजही तेच म्हणेन.

तू साइटवर जाशील तेव्हा आधी नळी धर, मग स्केच कर. अर्थात पाया आणि स्लॅबचं गणित इंजिनिअरकडूनच करून घे. त्याला काय विचारायचं एवढं मात्र तुला कळायला हवं.

आणि घर रस्त्याखाली असेल तर लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसव, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, उलटं आत न येऊ देणारी झडप. पावसाळ्याआधी तो साफ करावा लागतो. बाहेरची लाइन भरून तो मिटला की आपलंही पाणी बाहेर जात नाही, म्हणून मुसळधार पावसात नळ कमी सोडायचे, हे घरच्यांना सांगून ठेव.