वरणात पुडी मिसळू का?

ताई, माझे मिस्टर ४७ वर्षांचे आहेत. सोळा-सतरा वर्षांपासून रोज रात्री एक क्वार्टर. मारझोड नाही, ऑफिस बुडवत नाहीत, म्हणून सासूबाईंच्या लेखी हे व्यसनच नाही. हल्ली बीपी वाढलंय, संध्याकाळी पाय सुजतात. बोललं की लिव्हरचा रिपोर्ट पुढे करतात, "लिव्हर त साफ हाय न, मंग काहून डोकं खाते?" दारूने किडनीवर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस येतो, असं मी मोबाइलवर वाचून सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून रोज चार संत्री खायला लागले! आता बहिणीने दारू सोडवायची पुडी दिली आहे. वरणात मिसळली तर कळतही नाही म्हणे. मिसळू का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

नका मिसळू. पुडीत काय आहे हे ना तुम्हाला ठाऊक, ना बहिणीला. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध निघालं आणि वर क्वार्टर गेली, तर दारूपासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष शरीरात साचतं. छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं, जिवावरही बेतू शकतं. हे औषध डॉक्टर देतात, पण घेणाऱ्याला सांगून. शिवाय कधीतरी कळलंच, तर ते तुमच्या हातचं जेवतील का?

संत्र्यांचं वाचून मात्र हसू आलं. त्यांचा तर्क अगदीच हवेतला नाही हो. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये, आणि किडनीतही, दारू मोडणारं एक एन्झाइम वाढतं. सीवायपी-२ई१ त्याचं नाव, विसरलात तरी चालेल. त्याचं काम चालू असताना, चूल फुंकताना ठिणग्या उडाव्यात तसे ऑक्सिजनचे उपद्रवी कण सुटतात. ते विझवायला शरीराकडे ग्लुटाथायोन असतं, पण रोजच्या पिण्याने तेही खर्ची पडत जातं. ठिणग्या वाढल्या आणि विझवणारं कमी पडलं, की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळते आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत ओढून घेते. एवढ्या मेहनतीसाठी तिथल्या बारीक नळ्यांच्या पेशी मायटोकॉन्ड्रियाने, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या इवल्या भट्ट्यांनी, ठासून भरलेल्या असतात, आणि ठिणग्यांची झळ त्यांनाच आधी लागते. संत्र्यातलं क जीवनसत्त्वही अशा ठिणग्या विझवतं, पण रोज रात्री चूल पेटणारच असेल तर चार संत्री किती विझवणार? किडनी खरंच कमजोर निघाली, तर पोटॅशियममुळे संत्रीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच खावी लागतील.

आता क्वार्टरचा हिशेब. १८० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतल्या एवढ्या पिण्याला अतिमद्यपान म्हणते. यांची ती बैठक रोजची. हे सासूबाईंनाही ऐकवा, पण आवाज न चढवता.

"डायलिसिसवर जाल" अशी धमकी मात्र देऊ नका. पिणाऱ्या प्रत्येकाची किडनी जात नाही. बेताने पिणाऱ्यांवरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते लगेच मोबाइलवर उलटा लेख काढून दाखवतील. तुमच्या हातात बीपी आणि सूज आहे, तेवढंच धरून बोला. लिव्हरचा रिपोर्ट किडनीबद्दल काही सांगत नाही. किडनीचं जवळपास अर्धं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिनसुद्धा, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, हद्दीत दिसू शकतं. म्हणून क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून प्रथिन गळतंय का ते), दोन्ही तपासा. सुजेचं कारण हृदय असू शकतं, लिव्हर असू शकतं, बीपीच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. ते डॉक्टरांना ठरवू द्या. सकाळी डोकं जड झालं की पेनकिलर घेत असतील, तर ती सवय आजच मोडा. दारूमुळे लघवीवाटे पाणी जातं, त्यात आपला मे महिना, पारा पंचेचाळीसला. अशा सुकलेल्या किडनीवर ती गोळी म्हणजे आणखी एक घाव.

रागाच्या भरात बाटल्या मोरीत ओतू नका. इतक्या वर्षांची दारू एकाएकी तुटली, की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येतात, माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकल किंवा मेयो, या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत जा, नाहीतर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा. तुमच्यासाठी अल-ॲनॉनच्या सभा असतात, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या. नवरा तयार होईपर्यंत थांबू नका, तुम्ही एकट्या जा.

बोलणं रविवारी सकाळी काढा, तर्री-पोह्यांच्या वेळी, ते पूर्ण शुद्धीत असताना. "चला, दोघांचीही तपासणी करून घेऊ" म्हणा, आणि खरंच तुमचीही करा. लघवीचा नमुना सकाळचा पहिला द्यायचा असतो. आदल्या रात्री क्वार्टर घ्यायची की नाही, ते त्यांना ठरवू द्या.