‘जुने अणुबॉम्बवाले राक्षसपट आज बघताना हसू येतं का? सुरुवात कशाने करू?’ असं कुणीतरी विचारलंय.

यादी कुणीही देईल. मी त्या ‘हसू’साठी लिहितोय.

माझा मामेभाऊ अ‍ॅनिमेशनमध्ये आहे. दिवाळीत मामाकडे सगळे जमलेले असताना मी १९५४ चा मूळ जपानी ‘गोजिरा’, म्हणजे आपला गॉडझिला, लावला. टेकडीमागून ते डोकं वर आलं आणि हा सुरू, “अरे, रबराचा सूट घातलेला माणूस आहे हा! तुमच्या मंडळाचा देखावा परवडला!” गणपतीचे देखावे मीच करतो, त्यामुळे ते दुप्पट लागलं.

हो, सूटच आहे. आत हारुओ नाकाजिमा. पहिला सूट इतका जड आणि ताठ झाला की त्यात धड चालवेना. चाल बसवायला हा माणूस प्राणीसंग्रहालयात जनावरं बघत बसायचा. स्पेशल इफेक्ट्सवाल्या एइजी त्सुबुरायाने टोकियो लहान मापात बांधून घेतलं, कॅमेरा जास्त वेगाने चालवला आणि फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवली, म्हणून पडद्यावर इमारती सावकाश, वजनदार कोसळतात. वीतभर वस्तूला वजन आणणं काय असतं, ते देखावेवाल्याला विचारा. आणि ती डरकाळी म्हणजे डबल बासच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासलाय!

बरं, यामागची खरी गोष्ट काय आहे? १ मार्च १९५४ ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडला. त्याची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, २३ जण होते. त्यांतला रेडिओ ऑपरेटर कुबोयामा सप्टेंबरात गेला आणि ३ नोव्हेंबरला हा चित्रपट लागला. सुरुवातीलाच समुद्रात लख्ख उजेड होऊन बोट पेटते, तेव्हा थिएटरात हसायची कुणाची छाती होती? पुढे लोकलमध्ये एक बाई किरणोत्सारी माशांबद्दल कुरकुरते, नागासाकीतून वाचले ते कशाला, म्हणते. तिथे मी थांबवून सांगायला लागलो, तोवर भावाने मोबाईल काढला होता.

तर जपानीच बघा, सबटायटल्ससह. १९५६ च्या अमेरिकन आवृत्तीत रेमंड बर नावाचा नट पत्रकार म्हणून मध्ये घुसवलाय आणि नागासाकीचं ते वाक्य उडवलंय. तेवढ्यावर मत बनवणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही. मग ‘देम!’, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या राक्षसी मुंग्या, तोही १९५४ चाच. पहिला अर्धा भाग झकास.

‘द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स’ त्याआधीचा, १९५३ चा. रे हॅरीहाउझेनने बाहुलं एकेक फ्रेम हलवून केलेलं काम. अणुबॉम्बने राक्षस जागा होतो ही कल्पना जपान्यांनी तिथून उचलली, असं भाऊ म्हणतो, त्यात तथ्य आहे. ‘गोजिरा’तलं प्रेमप्रकरण रटाळ आहे, तेही कबूल. लहान मुलांना मात्र दाखवू नका. टोकियोच्या गिंझा भागातली पोरांना कवटाळून बसलेली आई त्यांना झेपणार नाही.

आणि शेजारी कुणी ‘रबर’ म्हणालाच, तर त्याला फूटभर थर्माकोलचं देऊळ द्या आणि ते खरं वाटेल असं पाडून दाखवायला सांगा. संगणक बंद ठेवून.