नऊ नंबरले आपला पोऱ्या कोठे शे?

वाचकांचे प्रश्न, मैदानावरची उत्तरं

यावेळी पत्रं आणि मेसेज मिळून निम्म्याहून जास्त प्रश्न फुटबॉलचेच आलेत, म्हणून बाकीचे खेळ पुढच्या अंकात घेऊ. काही प्रश्न रागात लिहिलेत, तो राग मला कळतो, कारण आपली टीम हरली त्या रात्री मीपण टीव्हीसमोरच होतो.

*दादा, फातोर्ड्याला सिंगापूरकडून हरलो, मग ढाक्यात बांगलादेशकडून हरलो. २०२७ चा एशियन कप गेला. आता खालिद जमीलला काढायला पाहिजे की नको? आमच्यात रोज भांडणं चालूयत.*
*— एक वाचक, चाळीसगाव*

नको. माझं मत सरळ सांगतो, कोच बदलून हे सुटणारं नाही, कारण बदलून बघितलंय ना आपण. स्टिमॅक २०१९ पासून पाच वर्षं होते, जून २०२४ मध्ये त्यांना काढलं, मग मानोलो मार्केझ आले, ते सुरुवातीला एफसी गोवा आणि देशाची टीम दोन्ही एकदमच सांभाळत होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील. सव्वा वर्षात तिसरा माणूस. जमील आले तेव्हा क्वालिफायरच्या दोन मॅच झालेल्या होत्या, शिलाँगला बांगलादेशशी ०-० आणि हाँगकाँगकडून शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर ०-१, म्हणजे हातात एक पॉइंट. त्यात आल्या आल्या काफा नेशन्स कप, म्हणजे मध्य आशियातल्या देशांची स्पर्धा, मोहन बागान क्लबनं आपले खेळाडू सोडले नाहीत, तरी ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर काढला. ज्या माणसानं आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली त्याला टीम बांधायला वेळ द्यायला हवा.

पण चूक आहे तिथे आहे. गोव्यात फातोर्ड्याला १४ व्या मिनिटाला छांगतेनं बाहेरून काय गोल मारला होता! त्यानंतर आपण हळूहळू मागे मागे सरकत गेलो, आपला डिफेंडर झिंगन आधीच्या मॅचच्या रेड कार्डमुळे बाहेर, आणि हाफटाइमच्या तोंडावर ४४ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल खाल्ला. ५८ व्याला दुसरा. बॉल आपल्याकडे आला की पुढे धरून ठेवणारा माणूसच नव्हता, मारला की परत आपल्याच डोक्यावर. ही तक्रार माझी आहे आणि ती पुढच्या प्रश्नात सविस्तर येते.

*भाऊ, टीममां बठ्ठं शे, पन नऊ नंबरले आपला पोऱ्या कोठे शे?*
*— एक वाचक, अमळनेर*

भाऊ, तुमच्या एका ओळीत सगळं आलं. टीममध्ये सगळं आहे, पण नऊ नंबरला, म्हणजे सगळ्यात पुढे मधे उभं राहून गोल मारायच्या जागेवर, आपला पोरगा कुठे आहे? ह्याच प्रश्नासाठी मी यावेळची अर्धी जागा देतोय.

आधी हिशोब बघा. क्वालिफायरच्या पहिल्या पाच मॅचमध्ये आपले गोल किती? दोन. एक रहीम अलीचा, सिंगापूरला ९० व्या मिनिटाला, आणि एक छांगतेचा, जो मुळात विंगर, म्हणजे बाजूनं खेळणारा. त्याआधी कतारला झालेल्या एशियन कपमध्ये, जानेवारी २०२४, ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया अशा तीन मॅच, गोल शून्य, खाल्ले सहा. म्हणजे हे एका कोचचं दुखणं नाही, स्टिमॅकच्या वेळीही हेच होतं.

आता कारण. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ ला सुरू झाली तेव्हा एका टीममध्ये सहा परदेशी एकदम खेळू शकायचे, २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. कमी झाले हे चांगलंच, पण चार म्हटलं तरी क्लबवाला ते कुठे लावणार? जिथे मॅच ठरते तिथे. एक सेंटर-बॅक, म्हणजे मागे मधे, एक-दोन मिडफिल्डला आणि एक हमखास पुढे, नऊ नंबरला. गोल करणाऱ्या माणसावर पैसा लावायचा हे कोणत्याही क्लबला पटणारच, मी त्यांना शिव्या देत नाही, त्यांनाही टेबलात वर राहायचंय. पण त्यामुळे आपल्या पोरांना काय उरतं, तर विंग आणि बॅक. सतरा-अठराव्या वर्षी स्ट्रायकर म्हणून आलेला पोऱ्या बाविसाव्या वर्षी राइट विंगला पळताना दिसतो, नाहीतर ८० व्या मिनिटाला सब म्हणून. आणि मग देशाच्या कॅम्पला बोलावून त्याला सांगतात की बाबा आता नऊ नंबर खेळ. अरे, गोलकडे पाठ करून बॉल कसा घ्यायचा, दोन सेंटर-बॅकच्या मधे कसं उभं राहायचं, क्रॉस यायच्या आधी पहिलं पाऊल कुठे टाकायचं हे मॅचमध्येच शिकायचं असतं, शेकडो वेळा चुकून. ते चुकायलाच मिळालं नाही तर शिकणार कधी?

२०२४-२५ चा सिझन बघा. सगळ्यात जास्त गोलचा गोल्डन बूट नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कन अजरायचा, २३ गोल. आणि भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त कोणाचे? सुनील छेत्रीचे, १४. वय ४०! जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झालेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं आणि मालदीवविरुद्ध त्यानं आपला ९५ वा गोल केला. बऱ्याच जणांनी लिहिलंय की छेत्रीनं तरुणांची जागा अडवली. मला हे अजिबात पटत नाही. चाळिशीतला माणूस लीगमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल करत असेल तर कोचनं त्याला घ्यायलाच पाहिजे, नाव बाजूला ठेवून फक्त आकडे बघितले तरी घ्यायला पाहिजे. दुसरा उभाच राहिला नाही ह्यात त्याचा काय दोष? आणि तो स्वतः बेंगळुरूला कितीतरी मॅच डावीकडून खेळलाय, कारण मधे परदेशी. मिकू होता तेव्हा त्याचे १५ आणि डावीकडून येऊन छेत्रीचे १४, २०१७-१८. तो छेत्री होता म्हणून डावीकडूनही गोल करत राहिला, सगळ्यांना ते जमत नाही.

मला विचाराल तर फेडरेशननं खालच्या लीगमध्ये आणि राज्यांच्या लीगमध्ये पुढची जागा भारतीयांनाच ठेवावी, आणि आयएसएल क्लबनं आपला वीस वर्षांचा स्ट्रायकर बेंचवर बसवण्यापेक्षा लोनवर अशा ठिकाणी पाठवावा जिथे तो आठवड्याला ९० मिनिटं नऊ नंबरच खेळेल, विंग नाही. थिएरी ऑन्री युव्हेंटसला बाजूनं खेळत होता, १९९९ मध्ये कोच वेंगरनी त्याला आर्सेनलला आणून मधे उभं केलं, सुरुवातीच्या मॅचेस गोलशिवाय गेल्या तरी मधेच ठेवलं, आणि पुढे आर्सेनलसाठी २२८ गोल. आपल्याकडे तिसऱ्या मॅचलाच त्याला परत विंगवर ढकललं असतं.

*रायन विल्यम्ससारखे बाहेर वाढलेले खेळाडू घेणं बरोबर का? आपल्या पोरांचं काय?*
*— एक वाचक, नंदुरबार*

बरोबर. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आपला घेतला, यापेक्षा जास्त काय मागायचं माणसाकडून? आधी अराता इझुमीनं जपानचा सोडून घेतला होता, तो तर पुणे एफसीला खेळायचा, बालेवाडीला बघितलाय मी त्याला. पण असे लाखात एक-दोन येणार. त्यांच्या भरवशावर वीस जणांची टीम होत नाही.

*सर, मी मँचेस्टर युनायटेडचा फॅन आहे. आमोरिम ३-४-३ सोडत नव्हता म्हणून मेनू बेंचवर. चूक कोचची की खेळाडूंची? रूममध्ये लिव्हरपूलवाले जगू देत नाहीत.*
*— एक विद्यार्थी, भुसावळ*

कोचची, असं माझं मत. नोव्हेंबर २०२४ मध्ये, भर सिझनमध्ये येऊन दुसऱ्यासाठी जमवलेल्या खेळाडूंना आपल्या ३-४-३ च्या साच्यात, म्हणजे मागे तीन, मधे चार, पुढे तीन, बसवायचं म्हटलं की काय होणार? १५ वा नंबर, ४२ पॉइंट, आणि बिल्बाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून ०-१. मिडफिल्डर मेनूनं मे २०२४ ला एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध विनिंग गोल मारलेला, आपल्याच अकॅडमीतला पोरगा, आणि पुढच्या वर्षी सिझनच्या सुरुवातीला लीगमध्ये त्याला बेंचवरून उठवत नाहीत, कारण त्या साच्यातल्या चारांपैकी दोन बाजूला, मधे फक्त दोनच जागा. साचा खेळाडूंवरून करायचा असतो, खेळाडू साच्यावरून कापायचे नसतात.

आणि हे तुझ्या रूममधल्या लिव्हरपूलवाल्यांच्या बाजूनं जाईल पण खरंय म्हणून सांगतो. लिव्हरपूलला स्लॉट कोच म्हणून आले त्या उन्हाळ्यात त्यांना सहा नंबरला, म्हणजे डिफेन्सच्या लगेच पुढे मधे, झुबिमेंडी हवा होता, तो आला नाही. मग आधीचे कोच क्लॉप यांच्या वेळी फारसा न खेळलेला ग्राव्हेनबेर्ख त्यांनी तिथे उभा केला, जो मुळात पुढे जाऊन खेळणारा मिडफिल्डर. नवीन म्हणून मैदानात उतरला तो एकटा किएसा, तोही थोडाच. आणि पहिल्याच सिझनला लीग जिंकली. घरात काय आहे ते आधी नीट बघितलं, एवढंच केलं त्यांनी.

*माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, दोन वर्षं स्ट्रायकर खेळत होता. नवीन कोचनं त्याला राइट-बॅक केलंय. घरी येऊन रडतो. अकॅडमी बदलू का?*
*— एक आई, जळगाव*

ताई, लगेच बदलू नका. आधी कोचला शांतपणे विचारा की का. "मागे माणूस कमी होता म्हणून" असं उत्तर आलं तर मग पुढचा विचार करा. पण "ह्याला सगळं मैदान समोर दिसू दे, मग परत पुढे नेतो" असं म्हणाला तर तो कोच चांगला आहे. बाराव्या वर्षी जागा पक्की करायचीच नसते. गॅरेथ बेल टॉटनहॅमला आला तो लेफ्ट-बॅक म्हणून.

मुलाला एक गोष्ट सांगा. १९६२, जकार्ता, एशियन गेम्स. आपला डिफेंडर जर्नैल सिंग, थायलंडविरुद्ध डोकं फुटलं, टाके पडले. मागे खेळवायची जोखीम कोण घेणार? कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बसवलं नाही, सेंटर-फॉरवर्डला पाठवलं, कारण तो पूर्वी पुढे खेळलेला होता हे त्यांना माहीत होतं. सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध गोल, एक पी. के. बॅनर्जींचा आणि एक ह्याचा, २-१, सुवर्णपदक. रहीमसाहेब त्या वेळी स्वतः आजारी होते, पुढच्या वर्षी कॅन्सरनं गेले. पोराला म्हणावं, दोन्ही जागा येणारा माणूस असा कामी येतो.

*कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. आपल्या खान्देशातला पोरगा कधी? मी शाळेत शिक्षक आहे, पोरं बघतो, दम आहे त्यांच्यात.*
*— एक शिक्षक, चोपडा*

गुरुजी, दम आहे हे मलापण माहितीये. कोल्हापूरला शाहू स्टेडियम आहे, तालमींच्या टीम आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, मॅचला पेठच्या पेठ येऊन बसते. तिथल्या पोराला सहाव्या वर्षापासून माहीत असतं की फुटबॉल खेळणाऱ्याला गाव ओळखतं. आणि अनिकेतला पुढे पुण्याची क्रीडा प्रबोधिनी मिळाली. आपल्याकडे काळी माती, मे महिन्यात ४५ च्या पुढे ऊन, मैदानाला अशा भेगा की पोराचा पाय घोट्यापर्यंत जातो, आणि पावसात त्याच मैदानाचा चिखल बुटाला किलो-किलोनं चिकटतो. तरी खेळतात.

एक सांगतो, बरीच वर्षं मनात आहे. एका निवड चाचणीला मी पोरं घेऊन गेलो होतो. साठ-पासष्ट पोरं, वेळ दोन तास. सातपुड्याकडचा एक उंच पोरगा होता, बूट दुसऱ्याचे, मोठे होत होते म्हणून पुढे कापडाचा बोळा घातलेला. तो स्ट्रायकर. निवडणाऱ्यांनी उंची बघितली आणि म्हणाले, तू मागे उभा राहा. दहा मिनिटं मिळाली, त्यात बॉल त्याच्याकडे तीनदा आला. तिसऱ्यांदा त्यानं तो छातीवर घेतला, एकाला अंगावर घेऊन फिरवला आणि सत्तर फुटांवर आपल्या टीमच्या पोराच्या पुढे नेमका टाकला. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि ज्यांच्या हातात कागद होता ते त्या वेळी नाश्त्याचं बोलत होते. त्याचं नाव यादीत आलं नाही. मी जाऊन बोललो, तर म्हणाले पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षी तो घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेलेला होता.

तेव्हापासून माझ्या मैदानावर चाचणी एक दिवसाची नसते. तीन रविवार बोलावतो, पहिल्या रविवारी पोरगा सांगेल त्याच जागेवर खेळवतो, आणि बुटाच्या तीन-चार साइझ पोत्यात भरून ठेवलेल्या असतात. गुरुजी, तुमची पोरं पाठवा, यायच्या आधी फक्त कोण कुठे खेळतो ते लिहून द्या.

*मी नववीत आहे. स्ट्रायकर आहे. आमच्याकडे कोच नाही. एकट्यानं काय प्रॅक्टिस करू?*
*— शहादा*

बेटा, भिंत आहे ना? शाळेची, गोडाऊनची, कोणतीही, मालकाला विचारून घे. भिंतीपासून दहा पावलांवर उभा राहा. बॉल मार, परत येईपर्यंत एकदा मान वळवून मागे बघ, मग डाव्या पायानं थांबव आणि उजव्यानं मार. पन्नास वेळा. मग पाय उलटे. मागे बघायला विसरलास तर तो धरायचा नाही, परत मोज, कारण मॅचमध्ये सेंटर-बॅक मागूनच येतो. बॉल पायाला लागून दोन हातांपेक्षा लांब गेला तरी धरायचा नाही. सकाळी सहाच्या आत आटप, नंतर ऊन लागतं. आणि मित्राला घेऊन बाजूनं बॉल फेकायला लाव, तू लांबच्या खांबाकडे निघ आणि शेवटच्या क्षणी जवळच्या खांबाकडे वळ. महिनाभर कर आणि पन्नासपैकी किती जमतात ते मला लिहून पाठव, दोन्ही पायांचे वेगवेगळे.