जिनिव्हा-न्यूयॉर्कचे ठराव आमच्या मेडिकलपर्यंत पोहोचतात का?

प्रश्न असा आहे: "अँटिबायोटिक औषधं निकामी होत चालली म्हणून जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रं ठरावावर ठराव करतात. बीड-परभणीच्या माणसाला त्याचा काही उपयोग आहे का, की नुसत्या परिषदा?"

मी बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी एकोणीस वर्षं मेडिकल चालवतोय. डॉक्टर नाही, बी.फार्म. झालोय. काउंटरच्या या बाजूने जे दिसतं तेवढंच सांगतो.

आधी माझीच चूक. दसरा झाला की आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी दुकानात गर्दी. "दादा, उद्या निघायलोत. तापा-खोकल्याच्या पावरच्या गोळ्या द्या, पाडव्यापर्यंत पुरल्या पाहिजेत." मी वर्षानुवर्षं दिल्या. अझिथ्रोच्या, म्हणजे अझिथ्रोमायसिनच्या, चार पट्ट्या, सेफिक्झिमच्या दोन. दोन्ही अँटिबायोटिक, आणि चिठ्ठी नाही की काही नाही. ती पिशवी भांड्याकुंड्यांसोबत ट्रॅक्टरवर चढायची आणि कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या फडावर जायची. तिथे कुणाला ताप आला की एक गोळी, उतरला की बंद. ताप विषाणूचा असला, ज्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, तरी तीच गोळी. एका गोळीने नाजूक जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास होते. पुढे तेच माणसांसोबत गावी येतात. माझ्या दुकानातली गोळी, कर्नाटकातला फड आणि परत आमचंच सरकारी रुग्णालय. एका जिल्ह्याने एकट्याने हे आवरायचं म्हटलं तर कसं आवरणार? देशांचंही तसंच आहे.

कोलिस्टिनचं उदाहरण घ्या. बाकी सगळं हरलं की आयसीयूत हे औषध काढतात. तेच औषध कोंबड्या-डुकरांचं वजन लवकर वाढावं म्हणून खाद्यात मिसळत होते. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधल्या संशोधकांनी कळवलं की कोलिस्टिनला दाद न देणारं एक जनुक, एमसीआर-१, डुकरांत आणि माणसांतही सापडलंय, आणि ते एका जंतूतून दुसऱ्या जंतूत उडी मारू शकतं. काही महिन्यांत कितीतरी देशांनी आपापले साठवलेले जुने नमुने तपासले. बऱ्याच ठिकाणी ते आधीच येऊन बसलेलं होतं. चीनने २०१७ मध्ये खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं. पुढे पुन्हा तपासणी झाली तेव्हा डुकरांतही आणि माणसांतही त्या जनुकाचं प्रमाण चांगलंच घटलेलं निघालं. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी आली. चीनने ते लपवून ठेवलं असतं तर आपण अजून पोत्याने खाऊ घातलं असतं.

याच्या उलटा प्रकार आपण केला होता. २०१० मध्ये एनडीएम-१ वरून, म्हणजे भारी अँटिबायोटिकलाही दाद न देणाऱ्या एका जनुकावरून, केवढा गदारोळ झाला! त्या जनुकाच्या नावात नवी दिल्ली होती म्हणून आपण भडकलो. राग अगदीच चुकीचा नव्हता. रोगाला गावाचं नाव देऊ नये असं पुढे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं. पण नावाच्या भांडणात जनुक राहिलं बाजूला.

आता दुकानातलं. गोळ्यांच्या पट्टीवर तुम्ही लाल रेघ पाहिली असेल. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी, लागू झालं. सुरुवातीला ४६ औषधं होती. ती विकली की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिली हे वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. सेफिक्झिम त्या यादीत आहे, अझिथ्रोमायसिन त्या ४६ मध्ये नव्हतं. त्याला चिठ्ठी लागते, पण रजिस्टरची कटकट नाही. मग खप कशाचा वाढणार, तुम्हीच सांगा.

२०१७ पासून जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिकचे तीन गट करते: आधी वापरायची, जपून वापरायची आणि अगदी शेवटी काढायची. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत देशांनी ठराव करून मान्य केलं की २०३० पर्यंत जगात माणसांसाठी वापरलेल्या अँटिबायोटिकपैकी किमान ७० टक्के पहिल्या गटातली असावीत. एका रात्री दुकान बंद केल्यावर मी ती यादी घेऊन रॅकसमोर बसलो. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात. अझिथ्रो, सेफिक्झिम दुसऱ्या. माझा रॅक बरोबर उलटा भरलेला. कारण सोपं आहे. अमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा, पाच-सात दिवस घ्यायचं. अझिथ्रो रोज एक, तीन दिवसांत मोकळं. फडावर एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो, तिथे सात दिवसांचा कोर्स कोण पाळणार? हे न्यूयॉर्कमध्ये बसून कळत नाही, आणि ठरावात ते कुठे लिहिलेलंही नाही.

त्याच ठरावात कामाला चालना म्हणून १० कोटी डॉलरचा निधी उभारायचं म्हटलंय. सगळ्या जगासाठी! २०१९ मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज निघाला होता. त्याच्यापुढे हा आकडा म्हणजे चिल्लर. आमच्याकडे लघवी नाहीतर जखमेचा नमुना कल्चरला (कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघायला) द्यायचा तर अंबाजोगाई गाठावी लागते, रिपोर्टला दोन-तीन दिवस. तोवर डॉक्टर अंदाजाने भारीतलं औषध चालू करतो, आणि मी त्याला दोष देत नाही. पैसा यायचा असेल तर तालुक्याच्या लॅबमध्ये यावा, परिषदेच्या हॉलमध्ये नको.

पण ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते टीबीचं. साध्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीत पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालायचे, वर इंजेक्शनं, आणि त्या इंजेक्शनांनी कान जायचे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या औषधांनी गेली. या दोघींनी मिळून बेडाक्विलिन या टीबीच्या नव्या गोळीचं पेटंट लांबवण्याच्या कंपनीच्या अर्जाला भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. भारतीय कंपन्यांना ती गोळी बनवायची वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी जगभरच्या खरेदीत सहा महिन्यांच्या कोर्सचा भाव १३० डॉलरपर्यंत उतरला. २०२४ मध्ये आपल्या सरकारने ही गोळी धरून चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स मंजूर केला. त्यातल्या प्रीटोमॅनिड या औषधाच्या महत्त्वाच्या चाचण्या दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांवर झाल्या होत्या. मला विचाराल तर आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते हे. यात कुठल्या मंत्र्याचा फोटो नाही.

मी आता निघणाऱ्या टोळ्यांना पॅरासिटामॉल, ओआरएस, मलमपट्टी देतो. पावरच्या गोळ्या नाही. दोन-तीन मुकादम तुटले, शेजारच्या दुकानात जातात. जाऊ द्या. टीबीचं औषध चालू असलेला कुणी निघाला की आधी त्याला सरकारी दवाखान्यात पाठवतो. तिथली टीबीची माणसं त्याचं नाव निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवरून जिथे जाणार तिथल्या केंद्राकडे वळवतात, म्हणजे पुढच्या गोळ्या तिकडेच मिळतात. दोन वर्षांमागे असाच एक जण कर्नाटकात बागलकोटकडे गेला होता. औषध सप्टेंबरात सुरू झालेलं. मार्चमध्ये परत आला तो थेट दुकानात. पिशवी काउंटरवर उपडी केली, सगळ्या रिकाम्या पट्ट्या. म्हणाला, "दादा, मोजून घ्या."