एम.जी. ४२ चा आवाज आणि तिचा दरारा

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन एम.जी. ४२ या मशीनगनचा दरारा खरा होता की नुसत्या आवाजाने पसरला होता, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत, कारण तो आवाज म्हणजे तिच्या माऱ्याचा वेगच होता.

मिनिटाला साधारण १२००, म्हणजे सेकंदाला २० गोळ्या सुटत असल्यामुळे कानाला सुटे बार उमगत नसत. जाड कापड टरकन फाडावे तसा सलग आवाज येई, आणि त्यावरूनच दोस्त सैन्यात तिला ‘हिटलरची करवत’ हे नाव पडले. ब्रिटिश व भारतीय पलटणींकडील ब्रेन गनचा वेग मिनिटाला ५०० च्या आसपास, म्हणून अंधारातही कोणत्या बाजूची गन बोलते आहे ते ओळखू येई.

हा वेग हौसेखातर ठेवलेला नव्हता. शत्रू आडोशाबाहेर क्षणभरच दिसतो, तेवढ्यात जास्तीत जास्त गोळ्या त्याच्यावर गेल्या पाहिजेत, असा जर्मनांचा हिशेब होता. त्यांची तुकडीही मशीनगनभोवतीच बांधलेली असे आणि रायफलवाल्यांचे एक मोठे काम तिचा दारूगोळा वाहण्याचे असे. अमेरिकी लष्कराने मात्र आपल्या जवानांची भीती मोडण्यासाठी प्रशिक्षणपट काढून, ही गन चावते कमी आणि भुंकते जास्त, असे सांगितले. ‘गरजेल तो पडेल काय’ ही म्हण इथे लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणिवा होत्याच. २५० गोळ्यांचा पट्टा सलग झाडल्यास जेमतेम साडेबारा सेकंद पुरे आणि नळी इतकी तापे की ती वारंवार बदलावी लागे, अर्थात सरावलेला गनर ती काही सेकंदांत बदली.

अशा माऱ्यासमोर जाणे म्हणजे काय, हे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीने पाहिले. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज सारे जवान ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच मोर्चावर धावले, हातबॉम्बने गन बंद पाडली, उरलेल्यांशी हातघाईने लढले आणि शेवटी शत्रूच्या गोळीने पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने हीच रचना ७.६२ मिमी गोळीसाठी बदलून एम.जी. ३ म्हणून वापरली, आणि तिचा वेगही जवळपास तसाच ठेवला.