चोवीस तास, चोवीस पानं
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

चित्रकथांच्या अखंड रेखाटन-उपक्रमाबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात चोवीस तासांत चित्रकथा काढण्याचा उपक्रम घ्यायचा आहे. त्याचे ठरलेले नियम आहेत का? आधी गोष्ट लिहून आणलेली चालते का? बक्षिसं ठेवावीत का? (सांगली)

नियम आहेत, आणि ते मोजकेच आहेत. १९९० मध्ये अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी स्टीव्ह बिसेट या मित्राला चोवीस तासांत चोवीस पानांची पूर्ण चित्रकथा काढायचं आव्हान दिलं आणि स्वतःही ते घेतलं. पुढे २४ एप्रिल २००४ रोजी चित्रकथा-लेखक नॅट गर्टलर यांच्या पुढाकाराने अनेक ठिकाणी एकाच दिवशी हा उपक्रम झाला. फ्रान्समध्ये आंगुलेम शहरात २००७ पासून याच धर्तीचा उपक्रम होतो.

घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. जेवण, झोप, चहा हे सगळं त्याच चोवीस तासांत. कथा, रेखाटन, शाई, अक्षरं, दुरुस्ती हेही त्यातच. आधी कथानक, पात्रांची रेखाटनं किंवा पानांची मांडणी करून आणायची नाही. कागद-पेन, संदर्भाची छायाचित्रं, खाऊ मात्र गोळा करून आणता येतो. किल्ल्याचे फोटो आणले तर हरकत नाही, ‘किल्ल्यावर दोन भाऊ भांडतात’ एवढं ठरवून आलात तर नियम मोडला.

वेळ संपली आणि पानं उरली, तर दोन वाटा मान्य आहेत. आहे तिथे हात थांबवायचा, ही लेखक नील गेमन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत. चोवीस पानं होईपर्यंत काढत राहायचं, ही चित्रकथाकार केव्हिन ईस्टमन यांच्या नावाची. दोन्ही अर्जावर आधीच छापा, म्हणजे वेळ संपताना कुणी रडवेलं होणार नाही.

बक्षिसं ठेवू नका, असं आमचं ठाम मत आहे. क्रमांक आला की लोक शेजाऱ्याच्या पानाकडे बघतात आणि पहिलंच पान सजवत बसतात. हा उपक्रम गोष्ट पूर्ण करण्याचा आहे. पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याच पुस्तिकेच्या पाच छापील प्रती द्या.

सुरुवातीचा कोरेपणा घालवायला तीन डबे ठेवा: एकात जागा, दुसऱ्यात वस्तू, तिसऱ्यात अडचण. सुरुवातीच्या ठोक्याला प्रत्येकाने तीन चिठ्ठ्या उचलायच्या. ‘एसटी स्टँड, पितळी तांब्या, हरवलेली चावी’ एवढ्यावर गोष्ट उभी राहते, आणि कुणी तयारी करून आलं का ही शंकाही उरत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी मी भाग घेतला, पण नऊ पानांवर अडकलो. हात चांगला आहे, तरी वेळ कुठे जातो कळत नाही. (नाशिक)

बहुधा पहिल्या तीन पानांत गेला असणार. चोवीस तास म्हणजे पानाला एक तास, हा हिशेबच चुकीचा आहे. तासभर गोष्टीच्या आखणीला, दीड तास तीन वेळच्या खाण्याला, दीड तास झोपेला. उरले वीस तास, म्हणजे बाराशे मिनिटं. पानाला पन्नास मिनिटं मिळतात. त्यांची वाटणी अशी ठेवा: अक्षरं १०, पेन्सिल १५, शाई २०, दुरुस्ती ५.

आखणीसाठी एका ए४ कागदावर सहा आडव्या ओळी आणि चार उभे रकाने पाडा. झाले चोवीस छोटे चौकोन. प्रत्येकात त्या पानाचं एक वाक्य आणि काडीची माणसं. शेवटची तीन पानं सगळ्यात आधी भरा. शेवट माहीत नसेल तर पहाटे चार वाजता तो सुचत नाही.

सकाळी दहाला सुरुवात असेल तर रात्री दहाला १२ पानं, अडीचला १७. मग दीड तास झोप आणि चारला पुन्हा बैठक. रात्री दहाला दहापेक्षा कमी पानं असतील तर चौकटी कमी करा: पानाला पाचऐवजी तीन. रात्रीचा प्रसंग सावल्यांत काढा, पार्श्वभूमी पहिल्या चौकटीत दाखवून पुढे सोडा, एक पान पूर्ण चित्राचं घ्या. गोष्टीचा भाग मात्र कापू नका. चित्र साधं असलं तरी वाचक पुढे जातो, गोष्टीत खड्डा पडला की तो थांबतो.

आता अक्षरांबद्दल, कारण मराठीत सगळ्यात जास्त पानं इथेच बिघडतात. आधी चित्र काढून मग संवादाचा फुगा घुसवला की शब्द मावत नाहीत आणि पात्राचं डोकं झाकलं जातं. म्हणून चौकटी आखल्या की लगेच संवाद लिहा, त्याभोवती फुगा काढा, उरलेल्या जागेत माणसं बसवा. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार लागतात. रोमन अक्षरांच्या चित्रकथा बघून ओळी तितक्याच जवळ घेतल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आदळतो. ए४ पानावर अक्षराची उंची ४ मिलिमीटर आणि एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत ९ मिलिमीटर ठेवा. पान ए५ आकाराला छापलं की ते ७१ टक्क्यांवर येतं, अक्षर २.८ मिलिमीटरचं होतं आणि नीट वाचता येतं. एका फुग्यात वीसपेक्षा जास्त शब्द नकोत. अशा रेघा आखलेली एक पट्टी कार्डाची कापून ठेवलीत तर दर वेळी मोजावं लागत नाही. ती अवजार आहे, तयारी नव्हे.

पेन्सिल खोडण्यातही वेळ जातो. पानाला पाच मिनिटं धरली तरी चोवीस पानांचे दोन तास. फिकट निळ्या पेन्सिलीने कच्चं काम केलं तर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये ती सहसा उमटत नाही, खोडायची गरज पडत नाही. हात मात्र हलका ठेवा. निळी पेन्सिल मेणचट असते, दाबून काढलेल्या रेषेवर शाईचं पेन घसरतं. आणि एक प्रत आदल्या आठवड्यात तुमच्या झेरॉक्सवाल्याकडे काढून बघा, कारण काही रंगीत यंत्रं ही निळी रेघही पकडतात.

प्रश्न : वीस जणांसाठी हॉल, साहित्य आणि विजेचा अंदाज द्या. (कोल्हापूर)

माणशी चार फूट बाय दोन फुटांचं टेबल धरा. त्यापेक्षा कमी जागेत कोपर शेजाऱ्याच्या दौतीला लागतं. खुर्चीला पाठ हवीच. प्लास्टिकच्या स्टुलावर बाराव्या तासाला कंबर बोलू लागते.

कागद १३० ते १५० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, ए४. माणशी २४ अधिक ६ जादा, म्हणजे ३०, एकूण ६०० कागद. साध्या झेरॉक्स कागदावर शाई पसरते. पेनं ०.३, ०.५ आणि ०.८ ची, प्रत्येकी एक, शिवाय एक ब्रशपेन. जलरोधक शाई आहे का ते पाहून घ्या, नाहीतर पाण्याने छटा देताना रेषा वाहून जाते. जेल पेन टाळा, खोडरबर लागला की काळं फासतं. दुरुस्तीला पांढरा पोस्टर कलर आणि शून्य नंबरचा ब्रश.

वीज फार लागत नाही. नऊ वॉटचे वीस एलईडी दिवे म्हणजे १८० वॉट, ते साध्या घरगुती इन्व्हर्टरवरही चालतात. गडबड होते ती चहाच्या विजेच्या किटलीमुळे. ती एकटी १५०० वॉट ओढते. दिव्यांच्याच लाइनवर लावली आणि त्याच लाइनवर आणखी भार असला तर एमसीबी (जास्त भाराला वीज तोडणारा खटका) पडतो आणि हॉल अंधारात जातो. किटलीला वेगळी लाइन द्या किंवा गॅसवर चहा करा. दिवा उजव्या हाताने काढणाऱ्याच्या डावीकडे, डावखुऱ्याच्या उजवीकडे, नाहीतर हाताची सावली रेषेवर पडते.

पंखा पानं उडवतो. चिमटे ठेवा, दगडी वजनं नकोत, ती ओल्या शाईवर सरकतात. पावसाळा तर टाळाच: दमट हवेत कागद लाटांसारखा वाकतो आणि शाई उशिरा सुकते. डिसेंबर-जानेवारीतला शनिवार उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी असते, म्हणून पानांची घोषणा फळ्यावर लिहून करा.

रात्रीचं जेवण साडेआठला आणि हलकं: मुगाची खिचडी, कढी, पापड. पुरी-श्रीखंड दिलंत तर दहा वाजता निम्मा हॉल डुलक्या घेईल. तीन ते पाच ही सगळ्यात जड वेळ. तेव्हा दोन स्वयंसेवकांनी चहा, चुरमुरे आणि ओले पंचे घेऊन फिरावं, गप्पा मारायला बसू नये. झोपायला सतरंज्या वेगळ्या खोलीत, आणि उठवण्याची यादी एका माणसाच्या हाती.

उपक्रम संपल्यावर कुणालाही दुचाकी चालवत घरी जाऊ देऊ नका. रात्रभर जागलेल्या माणसाला रस्त्यावर डुलकी लागते आणि ती लागल्याचं त्याला कळत नाही. घेऊन जायला कोण येणार, हे अर्जातच विचारा. या एका गोष्टीत सवलत नाही.

प्रश्न : सातवीच्या मुलांना हे करता येईल का? (शिक्षिका, रत्नागिरी)

रात्र जागवू नका. सकाळी साडेआठ ते दीड, पाच तास पुरतात, आणि एका कागदाची आठ पानी पुस्तिका घ्या. ए४ कागद तीन वेळा निम्मा दुमडून उलगडला की आठ घरं होतात. मग तो आखूड कडा एकमेकींवर येतील असा निम्मा दुमडा, घडीकडून मधल्या रेषेवर पुढच्या घडीपर्यंत कापा, उघडून लांबीने दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला. मुखपृष्ठ व मलपृष्ठ सोडून गोष्टीला सहा पानं मिळतात.

मुलं हमखास चुकतात ती पानांच्या क्रमात. आधी कोरी पुस्तिका घडवून पानांवर आकडे घालायला सांगा, मग उलगडा: एका ओळीतली चार पानं उलटी दिसतील, ती कागद फिरवून काढायची. कडेला ५ मिलिमीटर जागा सोडा, तिथलं झेरॉक्समध्ये येत नाही. मागची बाजू कोरीच राहते, त्यामुळे स्केचपेन पलीकडे उमटलं तरी बिघडत नाही.

वेळ अशी: पाऊण तास आखणी, पानाला अर्धा तास, मुखपृष्ठाला अर्धा तास, शेवटचा पाऊण तास झेरॉक्स आणि अदलाबदलीला. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी करणारी मुलं छायांकनात रमतात, त्यांना पेन्सिल बाजूला ठेवून थेट पेन द्या. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारं मूल बऱ्याचदा चांगले संवाद लिहितं. त्याला गोल डोक्यांची माणसं काढू द्या.

प्रश्न : पुस्तिका छापताना पानांचा क्रम कसा लावायचा? आणि हक्क कुणाचा? (पुणे)

चोवीस हा आकडा छपाईला सोयीचा आहे, चारने भाग जातो. ए४ कागद मधोमध दुमडला की ए५ ची चार पानं, म्हणजे आत सहा कागद आणि वर २०० जीएसएमचं वेगळं मुखपृष्ठ. शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी २५: बाहेरच्या कागदावर २४ व १, त्याच्या मागे २ व २३, अगदी मध्ये १२ व १३. दोन्ही बाजूंनी छापताना छोट्या कडेवर उलटण्याचा पर्याय निवडा, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. पिना दोन, लांब दांड्याच्या स्टेपलरने, बरोबर घडीवर. पन्नास प्रतींना ३०० कागद लागतात.

स्कॅन काळ्या रेषांसाठी ६०० डीपीआय (इंचाला ठिपके), करड्या छटा असतील तर ३००. वीस जणांची पानं होतात ४८०. पानाला मिनिट धरलं तरी आठ तास, म्हणून दर चार तासांनी वाळलेली पानं गोळा करून स्कॅन करत राहा. मागे नाव आणि पानाचा आकडा पेन्सिलीने लिहिलेला असावा.

हक्क काढणाऱ्याचाच. संस्थेने जागा दिली म्हणून तो तिच्याकडे जात नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी आणि सही केलेला करार लागतो, त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तुम्हाला फक्त एक आवृत्ती छापायची असेल, तर तेवढीच परवानगी, प्रतींच्या आकड्यासह, अर्जावर घ्या. दुसऱ्याची प्रसिद्ध पात्रं वापरू नका, हेही तिथेच लिहा.

प्रश्न : आम्ही दुबईतून तुमच्याकडच्या गटाबरोबर सहभागी होऊ शकतो का?

हो. दुबईचं घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे, पण भारताच्या दहाला जुळवून घेऊ नका, आपापल्या दहाला सुरू करा. चिठ्ठ्या मात्र तुमच्या दहा वाजताच उघडायच्या, आणि भारतातल्या गटाने तोपर्यंत त्यांच्या चिठ्ठ्या सांगायच्या नाहीत. दर सहा तासांनी झालेल्या पानांचे घड्याळासह फोटो पाठवा. सतत चालू असलेला व्हिडिओ कॉल नको. तो बघण्यात पानं मागे पडतात.