एकाच सर्व्हरवरच्या ग्राहकांची खाती एकमेकांपासून वेगळी कशी ठेवावीत?

सर्व ग्राहकांची पीएचपी (संकेतस्थळे ज्या भाषेत लिहिलेली असतात ती) वेब सर्व्हरच्याच एका सामाईक वापरकर्त्याच्या नावाने चालत असताना प्रत्येकाला ओपन बेसडिरची (ठरावीक फोल्डरांबाहेरच्या फाइली पीएचपीला उघडू न देणारी) मर्यादा घातली तर पुरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पुरणार नाही. ही मर्यादा पीएचपी स्वतःच पाळते. पीएचपीतून बाहेरची आज्ञा चालवली की ती आज्ञा या मर्यादेला जुमानत नाही. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र लिनक्स वापरकर्ता द्यावा आणि त्याची पीएचपी त्याच्याच नावाने चालवावी, म्हणजे राखणीचे काम कर्नेलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जाते.

होम डिरेक्टरी ग्राहकाच्या मालकीची, गट वेब सर्व्हरचा आणि परवानगी ७५० (मालकाला सर्व, गटाला वाचण्या-शिरण्यापुरती, इतरांना काहीच नाही), ही प्रचलित मांडणी योग्यच आहे, पण तिच्यात एक फट राहते. एखाद्याने आपल्या फोल्डरमध्ये शेजारच्या ग्राहकाच्या वर्डप्रेस कॉन्फिग फाइलकडे जाणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) करून तिला साध्या मजकूर फाइलचे नाव दिले, तर ती फाइल त्याला स्वतःला वाचता येत नसली तरी वेब सर्व्हरला वाचता येते, आणि तो सर्व्हर ती डेटाबेसच्या पासवर्डसकट ब्राउझरमध्ये दाखवून मोकळा होतो. म्हणून कॉन्फिग फाइलला ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) परवानगी द्यावी. ती फक्त पीएचपीला लागते, वेब सर्व्हरला नाही. मालक वेगळा असल्यास सिमलिंक नाकारण्याची सोय एनजिनएक्स आणि अपाचे या दोन्ही वेब सर्व्हरांत आहे, मात्र अपाचेमधल्या पर्यायावर सुरक्षेसाठी विसंबू नये, असे त्याच्याच दस्तऐवजात म्हटले आहे.

पीएचपी चालवणाऱ्या एफपीएम या सेवेचे वेगवेगळे पूल (ग्राहकागणिक प्रोसेसचे गट) एकाच मुख्य प्रोसेसखाली असले, तर ऑपकॅशची (पीएचपीचा तयार केलेला कोड साठवून ठेवणारी) मेमरी सामाईक राहते आणि सिस्टमडीची (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीची) मेमरी-सीपीयूची मर्यादाही ग्राहकागणिक लावता येत नाही. त्यामुळे मी ग्राहकागणिक वेगळी एफपीएम सेवा चालवतो. थोडी रॅम जास्त जाते, पण नाशिकमध्ये हा खर्च मला रास्त वाटतो: सिंहस्थात पंचवटीतल्या लॉजच्या संकेतस्थळावर झुंबड उडाली, तर त्याचा फटका त्याच सर्व्हरवरच्या पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराला बसू नये.

सेशन (संकेतस्थळावर आलेल्याच्या लॉगिनसारख्या नोंदी) आणि अपलोडच्या तात्पुरत्या फाइलींची जागा प्रत्येकाची निराळी असावी. डेटाबेसचा वापरकर्ताही निराळा असावा आणि त्याला मायएसक्यूएलमधला फाइल अधिकार (सर्व्हरवरच्या फाइली वाचण्या-लिहिण्याचा) देऊ नये.

एवढे करूनही कर्नेल सर्वांचा एकच राहतो. ज्या ग्राहकाकडे लोकांची संवेदनशील माहिती आहे, त्याला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीनच (स्वतःचा कर्नेल असलेला आभासी संगणक) द्यावे आणि तसे दर आधीच सांगावेत.